हिरवी खूण आलेल्या सहा बायका

१

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची खोड आपल्याकडे जुनीच. पण या वेळी ती संन्यासीण माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसली होती आणि फाशीचा कागद तिच्या हातात होता.

"वाच," मनकर्णाआक्का म्हणाली. "मला चष्म्यातून दिसंना."

दिसत होतं तिला. वाचवत नव्हतं.

पत्र संस्थेचं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या तब्येतीची नोंद ठेवणारी संस्था, आणि आक्का अठरा वर्षं तिची आरोग्यसखी. पत्रात म्हटलं होतं की चिंचवस्तीवरून गेलेल्या एकतीस बायकांपैकी सहा जणींची नोंद आक्काने केलीच नाही. त्या सहांत पुष्पावती होती. सातवा महिना, रक्तदाब चढलेला. नोंद असती तर ॲपने राहात्याकडच्या नर्सला निरोप दिला असता आणि नर्स तिच्या कोपीवर, फडाकडेच्या झोपडीवर, गेली असती. निरोप गेला नाही. पुणतांब्याच्या फडात पुष्पावतीला झटके आले. ती वाचली, बाळ गेलं. "सदर मृत्यूस आपला हलगर्जीपणा कारणीभूत दिसतो. सोमवारी सकाळी अकरा वाजता नगर कार्यालयात खुलासा करावा, अन्यथा आपली सेवा समाप्त करण्यात येईल."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हातातला स्क्रूड्रायव्हर मी टेबलावर असा आपटला की दुरुस्तीला आलेला एक फोन खाली पडला.

"आक्का, तू भरली होतीस का नोंद? खरं सांग."

"भरली म्हंजे? एकतीसच्या एकतीस भरल्या. ट्रक उभा हुता, हनुमंत मुकादम भोंगा वाजवीत हुता. एकीचं झालं की दुसरी म्होरं. बीपी बघायचा, कार्डाचा फोटू काढायचा, बटन दाबायचं. दर बाईला हिरवी खूण आली. मधी एकदा ते ॲप आपोआप मिटलं. मी परत उघडलं, समोर जी हुती तिची परत भरली. समद्या झाल्यावर नीट बंद केलं. आदीच्यांना तर हिरवी खूण आल्तीच की."

"आणि तुझी वही?"

"वह्या जमा करून घेतल्या की गं त्यांनी. म्हनले, आता सगळं मोबाईलात."

मी सत्यशीला दहिफळे. पाथर्डीच्या एसटी स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. त्याआधी सात वर्षं पुण्यात एका कंपनीत ॲप तपासायचं काम केलं. माझं डोकं लवकर तापतं, असं गिऱ्हाईक म्हणतं. तापू दे. त्या दिवशी गुरुवार होता आणि सोमवारला फक्त तीन दिवस उरले होते.

२

आक्काचा फोन मी लॅपटॉपला जोडला. संस्थेने वाटलेला स्वस्तातला फोन, रॅम दोन जीबी. ॲप उघडलं, एक खोटी नोंद भरली, फोटो काढला, ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं, दुसरी भरली. अशा एकतीस. आक्का शेजारी बसून बघत होती. शेवटी मोजल्या. एकतीसच्या एकतीस होत्या.

ॲप शहाण्यासारखं चाललं होतं. मला राग आला आणि तो काढायला समोर आक्काच होती.

"आक्का, ह्यात तर काही खोट नाही. घाईत तूच सहा जणी सोडल्या असशील."

तिने पदराने चष्मा पुसला आणि उठली. दारात जाऊन म्हणाली, "पुष्पीची सासूबी हेच म्हनली. म्हनली, आक्का, माज्या नातवाला इसरलीस."

माझ्या जिभेला काही हाड? मी धावत जाऊन तिला परत आणलं, पाणी दिलं आणि हनुमंत मुकादमाला फोन लावला. मुकादम कोयत्यांची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांची, यादी ठेवतो. ट्रकमध्ये चढताना त्याच यादीने हाका मारतो. त्याने यादीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला.

"तू ह्याच क्रमाने नोंदी केल्या?"

"मंग? तो हाक मारील ती बाई म्होरं."

पत्रातली सहा नावं मी यादीत शोधली. एकविसावी, बाविसावी, तेविसावी, चोविसावी, पंचविसावी, सव्विसावी. तेविसावी पुष्पावती.

सहाच्या सहा ओळीने! माणूस विसरतो तेव्हा एक इथली विसरतो, एक तिथली. ओळीने सहा गिळायला यंत्र लागतं. मी आक्काचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

मग पत्राला जोडलेला, ॲप बनवणाऱ्या कंपनीचा अहवाल वाचला. ॲप बनवताना ते किती मेमरी खातं याची चाचणी केली, फोन हाच, नोंदी एकतीस. सोबत आलेख. मेमरीची रेघ एकशे ऐंशी-नव्वद एमबीवर सपाट, फक्त मधेमधे बारीक खाचा, कंगव्याच्या दातांसारख्या. खाली शेरा, "मेमरी वाढत नाही. ॲप सुरक्षित." त्याखाली सही होती जयाची.

जया! पुण्यात माझ्या हाताखाली शिकलेली पोर. खोटं लिहिणारी नव्हती ती. म्हणजे तिच्याकडून कुणीतरी लिहून घेतलं होतं.

३

शुक्रवारी सकाळच्या एसटीने नगरला गेले. कंपनी सावेडीत, तिसऱ्या मजल्यावर. तिचं नाव घेत नाही, उगाच जीभ विटाळायची.

आधी भेटला रविराज. ॲप त्याने लिहिलेलं. तीस-बत्तीसचा असेल, कानातला इअरफोन न काढता बोलत होता.

"नोंद केली की हिरवी खूण येते, तेव्हा ती फोनमध्ये लिहिली गेलेली असते का?" मी विचारलं.

"लगेच नाही. दर दहा नोंदींना एकदम लिहितं. किंवा ॲप नीट बंद केलं की तेव्हा. दर नोंदीला लिहायला लावलं तर असल्या भंगार फोनवर ॲप रांगायला लागेल."

"म्हणजे बाईला हिरवी खूण दिसते आणि नोंद अजून हवेतच?"

"हवेत नाही, मेमरीत."

"आणि ॲप मधेच मेलं तर?"

"मरत नाही ते. अहवाल बघा." मग तो हसला. "मॅडम, खरं सांगू? या बायकांना वापरताच येत नाही. बंद कसं करायचं ते पण माहीत नसतं. दिवसभर उघडंच."

नाचता येईना अंगण वाकडं! मी त्याच्या कानातला इअरफोन ओढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "त्या बायकांतली एक बाई फडात झटके येऊन पडली होती. तिच्यापुढे हे वाक्य म्हणून दाखव." रंग उतरला त्याचा.

आप्पासाहेब मालक. चहा मागवला, ताई-ताई केलं.

"ताई, दुःख आम्हालाही आहे. पण चाचणी झालेली आहे. कागद आहे."

"घाई कुणी केली?"

"घाई म्हणजे... दिवाळी झाली की ट्रक निघतात. त्याआधी ॲप द्यायचं ठरलेलं. दिलं."

"संस्थेला पत्रात काय लिहावं हे कुणी सुचवलं? हलगर्जीपणा हा शब्द कुणाचा?"

त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. "संस्थेने विचारलं, दोष ॲपचा की बाईचा. आम्ही म्हटलं, ॲपचा नाही. मग उरतं कोण?"

उरतं कोण! एका वाक्यात माझ्या आक्काच्या अठरा वर्षांवर बोळा फिरवला या माणसाने. मी चहा तसाच ठेवून उठले. मला खात्री झाली होती: खरा आलेख याच माणसाने दडपला आणि जयाच्या गळ्यावर सुरी ठेवून सही घेतली.

४

जया कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. मला बघताच उभी राहिली, अगदी पुण्यात राहायची तशी.

"मॅडम, तुम्ही?"

"हा आलेख कुणाचा?"

"माझा."

"खोटं बोलू नकोस. आप्पासाहेबांनी बदलायला लावला ना?"

"नाही मॅडम."

"रविराजने?"

"कुणीच नाही. मी स्वतः केली चाचणी. सगळ्या एकतीस नोंदी. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, एकटीने."

तिचे डोळे भरले होते, पण नजर चुकवत नव्हती. फक्त बोलता बोलता टेबलावरची एक निळी वही तिने हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली.

"काय आहे त्या वहीत?"

"काही नाही."

"जया, वही दाखव."

"नाही दाखवणार," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला नाही म्हटलं. "तुम्ही घरी जा मॅडम. सोमवारी माझी नोकरी गेली तर जाऊ दे. वही मी दाखवणार नाही."

मी तिला तिथे चारचौघांत नको नको ते बोलले. भित्री म्हणाले, विकली गेलीस म्हणाले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. परतीच्या एसटीत करंजीचा घाट येईपर्यंत मी मनातल्या मनात तिलाच शिव्या घालत होते.

५

शनिवारी सकाळी आक्का पुन्हा दुकानात आली.

"आज तू भर," मी म्हणाले. "ट्रकपाशी भरत होतीस तशीच. मी हात लावणार नाही."

तिने चष्मा लावला, यादी पुढ्यात घेतली आणि बसली. नाव, बीपी, फोटो, बटण. हिरवी खूण. पुढचं नाव. हात भराभर चालत होता तिचा. उगाच नाही अठरा वर्षं काढली.

मी लॅपटॉपवर बघत होते. एकशे ऐंशी. एकशे त्र्याण्णव. दोनशे पाच. दर फोटोला बारा-तेरा एमबी वर, आणि खाली यायचं नाव नाही! रेघ जिन्यासारखी चढत चालली. काम झालेला फोटो ॲप सोडतच नव्हतं, उराशी धरून बसत होतं. विसाव्या नोंदीला सव्वाचारशे. सव्विसाव्याला पाचशेच्या वर. सत्ताविसावं नाव टाकलं, फोटो काढला, आणि पडदा पांढरा होऊन ॲप मिटलं.

"बघ!" आक्का ओरडली. "अस्संच झाल्तं!"

पुन्हा उघडलं. पहिल्या वीस नोंदी होत्या. एकवीस ते सव्वीस गायब. दहा-दहाने लिहायचं, वीस लिहिल्या, पुढच्या सहा मेमरीत लटकलेल्या, आणि मेमरीच कोसळली. हिरव्या खुणेसकट सहा बायका गेल्या.

मी टाळी वाजवली. मग पुन्हा संताप आला. "आता सांग आक्का, जयाच्या आलेखात हा जिना का नाही? बदललाच आहे तो! थांब, मी परत करून बघते."

फोन माझ्याकडे घेतला. नोंद, फोटो, बटण, ॲप बंद. उघडलं. नोंद, फोटो, बटण, ॲप बंद. रेघ सपाट. मधे बारीक खाचा.

आक्का माझ्या हाताकडे बघत होती.

"सत्ये, एक इचारू? तू दर बाईला ते बंद कशाला करतीस गं? गुरुवारीबी तसंच करीत हुतीस. माज्याकडं कुठला आलाय तेवढा येळ? मुकादम भोंगा वाजवतो."

माझा हात तिथेच थांबला. पडद्यावर कंगव्याचे दात होते. जयाच्या अहवालातला आलेख आणि माझा आलेख शेजारी ठेवले तर ओळखू आले नसते. खोटा नव्हता तो आलेख. जयाने अगदी मन लावून, दर नोंदीला ॲप बंद करून, पुन्हा कोरं उघडून चाचणी केली होती. दर घासाला ताट धुवायचं आणि मग म्हणायचं, उष्टं साचत नाही.

आणि तशी चाचणी करायला तिला कुणी शिकवलं होतं?

दुकानाचं शटर ओढलं आणि नगरची एसटी धरली. जयाचं घर भिस्तबागेकडे. दार तिनेच उघडलं. माझं तोंड बघितलं आणि न विचारता आत जाऊन निळी वही घेऊन आली.

पहिल्या पानावर, सहा वर्षांपूर्वीच्या शाईत, माझं अक्षर. "नियम पहिला: प्रत्येक तपासणीआधी ॲप बंद कर, कोरं उघड. आधीचं खरकटं पुढच्या तपासणीत येता कामा नये." त्याखाली माझी सही. तिने मागून घेतली होती पुण्यात, पहिल्या दिवशी.

"तुमचं नाव यायला नको म्हणून लपवली," जया म्हणाली. "पत्र आलं त्या दिवशीच मला कळलं, मॅडम. पण म्हटलं, सही माझी आहे, सोमवारी चूक माझ्याच नावावर घेईन."

काल हिला मी विकली गेलीस म्हणाले होते. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. नियम चांगला होता हो, एखादं बटण नीट चालतं का ते बघायला. मेमरी बघताना तोच नियम पट्टी होऊन डोळ्यांवर बसतो, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मलाही ते परवा आठवलं नव्हतं.

६

सोमवारी अकरा वाजता संस्थेच्या कार्यालयात लांब टेबल. एका बाजूला अध्यक्षा राजनंदिनीबाई, दुसऱ्या बाजूला आप्पासाहेब, रविराज, जया. आक्का भिंतीकडेला उभी. तिला खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी माझी तिला दिली.

"खुलासा लेखी आणलाय?" राजनंदिनीबाईंनी विचारलं.

"लेखी नाही. आक्का करून दाखवेल," मी म्हणाले.

लॅपटॉपचा पडदा सगळ्यांकडे वळवला. आक्काने यादी घेतली आणि भरायला लागली. पहिल्या पाच नोंदींना आप्पासाहेब घड्याळ बघत होते. पंधराव्याला रविराज उठून लॅपटॉपजवळ आला. विसाव्याला त्याने डोक्याला हात लावला. आकडे चढत होते आणि खोलीत फक्त आक्काच्या बोटांचा आवाज होता. तेविसाव्या नावाला ती थबकली. मग "पुष्पावती" असं मोठ्याने म्हणून तिने ते भरलं. हिरवी खूण आली. सगळ्यांनी बघितली.

सत्ताविसाव्याला ॲप मेलं. मी ते उघडून दाखवलं. वीस.

"फोटो सोडायचा राहिला," रविराज पुटपुटला. "माझ्याकडून राहिला. आणि खूण लिहिल्यावरच द्यायला हवी होती."

राजनंदिनीबाईंनी अहवाल उचलला. "मग हे यात का नाही?"

आप्पासाहेबांनी लगेच बोट केलं. "चाचणी जयाची. सही तिची. आम्ही तिच्यावर भरवसा ठेवला."

पुन्हा तेच! खापर फोडायला बाईचंच डोकं. जया उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि निळी वही अध्यक्षांपुढे उघडली.

"पद्धत माझी आहे. अक्षर माझं, सही माझी. मी शिकवलं तसं तिने केलं. माझ्या दुकानात मीही तेच केलं आणि आक्काला खोटं ठरवलं. दर नोंदीला ॲप बंद करायला आमच्याकडे वेळ असतो. ट्रकपाशी उभ्या बाईकडे नसतो. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही." मग आप्पासाहेबांकडे वळले. "आणि तुम्ही! निकाल चुकीचा होता ही आमची चूक. पण आक्काला एका शब्दाने न विचारता हलगर्जीपणा लिहायला सांगितलंत, ती चूक नाही. ते पाप आहे. ते पत्र आत्ता, इथे, मागे घ्या."

राजनंदिनीबाईंनी पत्राची प्रत पुढे ओढली. मग स्वतःचं पत्र त्यांनी मधोमध फाडलं. दुसरं लिहून घेतलं, आक्काची नोंद पूर्ण होती असं. त्यावर आप्पासाहेबांची सही घेतली, रविराजची घेतली, माझीही. दुरुस्ती होईपर्यंत ॲप बंद, वह्या परत. आक्काची नोकरी राहिली.

मला वाटलं, आक्का आता मला मिठी मारेल. तिने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "हे पुष्पीला वाचून दाखवायचंय. तू वाचायची. तूच."

७

दुसऱ्या दिवशी पुणतांब्याला गेलो. गोदावरीच्या काठाला ऊस, कडेला कोप्या. पुष्पावती दारात बसून भांडी घासत होती. बावीस वर्षांची पोर, अजून नीट उभं राहता येत नव्हतं. सासू आक्काला बघून तोंड फिरवून आत गेली.

मी कागद वाचला. मेमरी, आलेख, दहा-दहाच्या नोंदी, सगळं सांगायचा प्रयत्न केला. माझा नियमही सांगितला. शिव्या देईल, भांडं फेकून मारेल, अशी तयारी करून आले होते. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिने राखेचे हात पदराला पुसले.

"म्हंजी माजं नाव हुतं त्यात?"

"होतं. तेविसावं. आक्काने भरलं होतं. हिरवी खूणही आली होती."

"मंग आक्का न्हाई इसरली मला."

"नाही विसरली."

तिने आत तोंड करून हाक मारली. "आत्याबाई, ऐकलं का? आक्कानं लिवलं हुतं. बाळाचंबी लिवलं हुतं, सातवा म्हयना म्हनून."

सासू बाहेर आली. ती आक्कापाशी बसली, तिचा हात हातात घेतला, आणि मग तिघी रडल्या. मी कोपीच्या कडेला फोन हातात धरून उभी होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि बघावं असं माझंही म्हणणं नव्हतं.